तीन फुटी टँक फुटला: दुसरा उभा राहीपर्यंतच्या नोंदी

आधी काय होतं ते सांगतो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच काचेचा माशांचा टँक. काठोकाठ भरला तर १६० लिटर बसतं, प्रत्यक्षात १४० च्या आसपास पाणी असायचं. काच ६ मिमी. खाली प्लायचं कपाट. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे नळ्यांनी टँकला जोडलेला बंद डबा, कपाटात, आणि टँकच्या कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा एक साधा स्पंज फिल्टर, जो मी वर्षानुवर्षं 'असू दे' म्हणून ठेवला होता. मासे: चार मोठे एंजल, सहा कोरी, डझनभर सर्पे टेट्रा आणि काचेवरचं शेवाळ खाणारा, वीतभराहून लांब झालेला एक सकर. घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट (तिन्ही दर लिटरला मिलिग्रॅममध्ये) आणि पी.एच. (आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट) मोजायचं थेंबांचं टेस्ट किट घरात होतं, म्हणून पुढे आकडे देता आले.

शनिवार, १२ जुलै २०२५, रात्र

हॉलमध्ये फरशीवर पाणी. पाऊस धो धो चालू होता, त्यामुळे आधी गॅलरीचं दार, मग एसीची नळी तपासली. यात पहिली दहा मिनिटं फुकट गेली. मग कपाटाच्या दारावरून ओघळ येताना दिसला. टॉर्च मारून पाहिलं तर तळाच्या काचेला पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून वीतभर तडा.

पहिलं काम वीज. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या मागे जमिनीवर होता आणि पाणी त्याच्यापासून बोटभर लांब. हॉलचा एमसीबीच पाडला, मग बोर्ड उचलला. हीटर बंद होऊन पाच-दहा मिनिटं होईपर्यंत पाण्याची पातळी त्याच्या खाली जाऊ दिली नाही. गरम हीटर हवेत उघडा पडला की त्याची काच तडकते.

शेजारचे काका आवाज ऐकून आले. एम-सील लावू या म्हणाले. तडा तळाला आहे, टँक कपाटावर बसलेला आहे, बाहेरून हात पोचत नाही आणि ओल्या काचेवर पुटी धरत नाही. आतून लावायचं तर टँक रिकामा करायलाच हवा. रिकामा करायचाच असेल तर मग पुटी कशाला? त्यांना बादल्या आणायला पाठवलं, आणि ते मनापासून उपयोगी पडले.

पाणी साठवायचा १०० लिटरचा निळा ड्रम घरात होता. त्याला कधी साबण लागलेला नव्हता. तळ ढवळला जायच्या आधी, वरचं स्वच्छ पाणी सायफनने त्यात घेतलं, साधारण ८० लिटर. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मासे पकडायला गेलात तर खडीतली सगळी घाण वर येते आणि मग वाचवण्यासारखं पाणीच उरत नाही. पाणी चार-पाच इंचांवर आलं की मासे पळत नाहीत, आपोआप हातात येतात.

कोरी आणि सकर जाळीने पकडू नका. त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना काटा तरी मोडतो नाहीतर तुमचं बोट रक्तबंबाळ होतं. मी दोन लिटरचा प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरून त्यांना आत हाकललं. सकर वेगळ्या टबमध्ये, वर पोळपाट ठेवून. पोळपाटाबद्दल आईला सकाळी सांगायचं ठरलं.

ड्रममध्ये एअर पंपाचे दोन स्टोन (बुडबुडे सोडणारे दगड) आणि तो स्पंज फिल्टर सोडला. खडी दोन बादल्यांत, वर जुनं पाणी. कॅनिस्टरच्या नळ्या ड्रमच्या उंचीला पुरेनात, म्हणून त्याच्या चाव्या बंद करून तो बाथरूममध्ये उभा ठेवला. झोपलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

रविवार, १३ जुलै

एक टेट्रा रात्री ड्रममधून उडी मारून बाहेर, मेलेला. ड्रमवर काही झाकलं नव्हतं. आईची जुनी ओढणी ताणून बांधली, बाकीचे ठीक.

दुपारी कॅनिस्टर उघडला आणि सडक्या अंड्याचा वास आला. या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान हेच, काच फुटण्यापेक्षाही मोठं. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर जे जिवाणू माशांचा अमोनिया खातात त्यांना सतत प्राणवायू लागतो. वाहतं पाणी थांबलं की डब्यातला प्राणवायू थोड्या वेळात संपतो. बारा तासांत ते मेले आणि वर कुजायला लागले. रात्री रिंगा काढून एका बादलीत, जुन्या पाण्यात, एअर स्टोनवर ठेवल्या असत्या तर पुढचे दोन आठवडे वाचले असते. रिंगा ड्रममधल्याच थोड्या पाण्यात खळबळून घेतल्या, घाण पाणी ओतून दिलं, आणि या रिंगांचा हिशेब शून्य धरून चालायचं ठरवलं. म्हणजे कामाला उरले एक स्पंज आणि थोडी खडी.

टँकसाठी बाहेर पडलो. तीन फुटी तयार टँक कुठेच नाही, सगळे ऑर्डरप्रमाणे चिकटवून देणारे. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "दादा, आत्ता चिकटवतो, संध्याकाळी घेऊन जा, रात्री पाणी भरा बिनधास्त." नको म्हटलं. सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने, बाहेरून आत असं वाळतं. पावसाळ्यात वरचा थर लवकर वाळतो, त्यामुळे बोट लावलं की पक्कं वाटतं, पण काचांच्या सांध्यात आत ते मऊच असतं. मोठ्या टँकला निदान आठवडा द्यावा. ओळखायची सोपी रीत म्हणजे टँकमध्ये डोकं घालून वास घ्यायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर काम अजून चालू आहे.

शेवटी कुर्ल्याला दोन फुटी टँक मिळाला. एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, ७० लिटर, दुकानात धूळ खात पडलेला. धूळ बघून बरं वाटलं, म्हणजे सिलिकॉन कधीच वाळलेलं. १,८०० रुपये. एवढ्या माशांना हा टँक अपुरा आहे हे माहीत होतं, हा फक्त मधला मुक्काम. तीन फुटीची ऑर्डर घराजवळच्या दुकानात दिली, या वेळी ८ मिमी काच, ५,६०० रुपये, आगाऊ अर्धे. दोन फुटी लोकलने आणायचा विचार रविवारची गर्दी बघून सोडला, टेम्पोचे ९०० गेले.

ठेवायचा कुठे? कपाट तर संशयित. घरातली सगळ्यात सपाट आणि भक्कम जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. भरून वजन ९० किलोच्या आसपास, ओटा घेतो. आईने मान्य केलं पण एक अट घातली: "उद्या संकष्टी आहे. मोदकांना जागा लागेल. तुझे मासे भिंतीकडे सरकव आणि लसणाच्या फोडणीचा वास लागला तर मला सांगू नकोस."

वासापेक्षा खरी भीती तेलाच्या धुराची. एअर पंप स्वयंपाकघरातली हवा ओढतो आणि पाण्यावर तेलाचा पातळ तवंग धरतो. पंप खिडकीबाहेरच्या ग्रिलवर, छपराखाली ठेवला आणि नळी आत घेतली.

रविवार, रात्र: पाणी

टँक आधी बाथरूममध्ये सपाट फरशीवर, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून भरला. तीन तास थांबलो. कागद कोरडा. मग ओट्यावर.

आमच्याकडे महापालिकेचं पाणी उल्हास नदीचं. पावसाळ्यात नदी गढूळ होते, क्लोरीन जास्त टाकतात, नळ सोडला की वास येतो. दुकानदाराने टँकबरोबर दोन छोट्या बाटल्या दिल्या होत्या, एक निळी आणि एक पांढरी, "दोन्हीचे दहा-दहा थेंब टाका." निळी म्हणजे मिथिलीन ब्लू. ते औषध आहे, क्लोरीन काढत नाही, उलट फिल्टरमधल्या जिवाणूंनाच त्रास देतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं. ज्या क्षणी मला एकेक जिवाणू हवा होता त्या क्षणी ही बाटली उघडणं म्हणजे कपाळमोक्ष. ती ठेवून दिली. आजारी माशाला वेगळ्या टबमध्ये कधीतरी लागेल.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटली करून ठेवतो. याचं एक मिलिलिटर एका लिटर नळाच्या पाण्याला पुरतं. पावसाळ्यात मी दोन टाकतो. टाकल्यावर क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट केली, तीच जी गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्याला करतो. हायपोच्या आधी नळीत पाणी पिवळं झालं, नंतर बिनरंगीच राहिलं. ओटीची ही छोटी बाटली घरात ठेवाच, अंदाजावर राहू नका.

निम्मं जुनं पाणी, निम्मं नवं. जुन्या पाण्यात जिवाणू फारसे नसतात, ते काचेवर, खडीवर, स्पंजवर चिकटून असतात. तरी जुनं पाणी घेतलं, कारण माशांना एकदम सगळं बदललेलं सोसत नाही. माझ्या जुन्या टँकचा पी.एच. ६.८, नळाचा ७.४.

स्पंज फिल्टर जसाच्या तसा आत. जुनी खडी जुन्या पाण्यात हलकी धुऊन दोन इंच थर. रात्री साडेदहाला मासे आत, सकर सोडून. त्याचा टब बाथरूममध्येच.

सोमवार, १४ जुलै

अमोनिया ०.५. एंजल कोपऱ्यात, पर मिटून. खाणं बंद केलं. धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, आणि तोंडात गेलेलं उद्या अमोनिया होऊनच बाहेर येतं. आईला हे पटलं नाही. घरात मोदक होत असताना कुणी उपाशी राहणं तिला पटणं शक्य नव्हतं.

सकरचा प्रश्न. सोसायटीतल्या एकाने सुचवलं, तलावात सोडून द्या, मुका जीव जगेल. जगेलच, अडचण तीच आहे. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडच्या नद्यातलावांत लोकांनी असेच सोडलेले सकर वाढलेत, काठाला बिळं करतात, जाळी फाडतात, आणि इथल्या माशांचं खाणं खातात. कल्याणच्या मित्राचा चार फुटी टँक आहे. संध्याकाळी झाकणाच्या बादलीत घालून रिक्षाने त्याच्याकडे पोचवला. रिक्षावाल्याने पूर्ण रस्ताभर बादलीत काय आहे हे विचारलं नाही, उतरताना मात्र "खायचा का?" एवढंच.

मंगळवार, १५ जुलै

पहाटे वीज गेली. पंप बंद होण्याची तयारी होती: यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप, ३५० रुपये, मोबाइलच्या पॉवर बँकेला लावला. तयारी नव्हती ती दुसऱ्या गोष्टीची. मोठा पंप ग्रिलवर ठेवला होता, तो पाण्याच्या पातळीच्या खाली. वीज गेल्याबरोबर टँकमधलं पाणी हवेच्या नळीतून उलटं यायला लागलं, सायफनसारखं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. वीस रुपयांची ही वस्तू. दोन लिटर पाणी खालच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. त्या काकू चांगल्या, काही बोलल्या नाहीत, पण पाणी माशांचं होतं हे मीही सांगितलं नाही.

व्हॉल्व्ह लावला. तो लावायची दिशा असते, बाण टँककडे हवा.

बुधवार, १६ जुलै

अमोनिया १.०, नायट्राइट ०.२५. एक टेट्रा गेला. कोरी वारंवार वर येऊन हवा घेत होते. कोरी तसेही अधूनमधून वर येतात, पण आज सतत.

चाळीस टक्के पाणी बदललं. दुकानातून बाटलीतले जिवाणू आणले, ४२० रुपये, सांगितल्याप्रमाणे घातले. पुढच्या आकड्यांत मला तरी फरक दिसला नाही. ज्याच्याकडे चांगला चालू टँक आहे अशा माणसाकडून पिळलेला स्पंज मागणं याच्यापेक्षा कितीतरी बरं. शेवटी तेच केलं. सकरच्या नव्या मालकाने त्याच्या फिल्टरचा अर्धा स्पंज कापून ओल्या पिशवीत दिला. फुकट. तो माझ्या स्पंज फिल्टरच्या शेजारी दोऱ्याने बांधून ठेवला.

शुक्रवार, १८ जुलै

एक विचित्र गोष्ट. अमोनिया अजून १.० आणि तरी मासे आधीपेक्षा टवटवीत. पी.एच. मोजला, ६.२. आपल्याकडचं धरणाचं-नदीचं पाणी मऊ, त्यात क्षार कमी, त्यामुळे माशांची गर्दी झाली की पी.एच. भराभर उतरतो. पी.एच. उतरला की अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात राहतो, जो माशांना तेवढा बाधत नाही. पी.एच. ७ ला खरा विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी, ८ ला शेकडा पाच-सहा. किटात दिसतो तो दोन्हींचा मिळून आकडा.

म्हणजे मासे बचावले ते पी.एच.मुळे. पण याला दुसरी बाजू आहे. इतक्या आंबट पाण्यात जिवाणू मंदावतात, म्हणून अमोनिया खाली येत नाही. आणि घाबरून एकदम अर्धं पाणी बदललं असतं तर ७.४ चं नळाचं पाणी पी.एच. वर नेतं आणि निरुपद्रवी अमोनियम विषारी होतं. याच घोळात 'पाणी बदललं आणि मासे मेले' असं होतं, आणि लोक क्लोरीनला दोष देतात. मी सकाळी दहा टक्के, संध्याकाळी दहा टक्के असं चालू केलं. सोबत धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत घालून स्पंजजवळ टांगला. शिंपले हळूहळू विरघळतात, पी.एच. धरून ठेवतात. खायचा सोडा पटकन काम करतो, पण पटकनच नको होतं.

शनिवार–रविवार, १९–२० जुलै: कपाटाचं पोस्टमॉर्टेम

टँक का फुटला हे कळल्याशिवाय नवा त्याच जागी ठेवणार नव्हतो.

रिकामा टँक उचलला. खाली थर्माकोल होता, पण दोन तुकड्यांत. जोडाच्या जागी एक तुकडा दुसऱ्यावर किंचित चढलेला. हे मीच तेव्हा केलं असणार. कपाटाच्या प्लायची पुढची डावी कड फुगून वर आलेली, बरोबर तड्याच्या खाली. पाणी बदलताना सांडणारे थेंब वर्षानुवर्षं त्या कडेत मुरत होते. कड सनमायकाने झाकली नव्हती. एवढ्या वजनाखालीही प्लाय फुगून वर येतं, कारण वजन सगळीकडे सारखं पडत नाही.

कपाट भंगारवाल्याला. लोखंडी अँगलचा स्टँड बनवून घेतला, वर १८ मिमी मरीन प्लाय, चारी कडा सील केलेल्या: ३,४०० रुपये.

सोसायटीत काम करणाऱ्या गवंड्याची पाणसळ तासाभरासाठी मागितली. हॉलची फरशी गॅलरीकडे उतरती निघाली, तीन फुटांत जवळजवळ चार मिमी. लांबीत, रुंदीत आणि कर्णावर, तिन्ही बाजूंनी बघा. मी लांबीत बरोबर करून खूश झालो होतो, कर्णावर ठेवली तर बुडबुडा पळाला, म्हणजे स्टँडच पिळलेला. वेल्डरकडे परत, एक पाय कापून बसवला. पायांखाली लाकडी पाचर मारू नका, दमटपणात तीही फुगते. ग्रॅनाइटचे पातळ तुकडे आणि वर रबर घातलं. भरल्यावर पाणी, काच, खडी मिळून दोनशे किलोच्या आसपास जातं, स्टँड वेगळा. तो भिंतीलगत, बीमच्या बाजूला घेतला.

मंगळवार, २२ जुलै

नवा टँक आला. काळ्या सिलिकॉनचा सांधा दिसायला सुंदर. वास अजून आंबट. घरात कोपऱ्यात ठेवून दिला.

ओट्यावरच्या टँकमध्ये अमोनिया ०.५, नायट्राइट १.०. नायट्राइट वर येणं म्हणजे पहिल्या जातीचे, अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू कामाला लागले, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे अजून मागे. नायट्राइटने माशाचं रक्त प्राणवायू धरू शकत नाही. साधं मीठ घातलं, दर लिटरला एक ग्रॅमहून कमी. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. जाडं समुद्री मीठ, आयोडीनवालं नाही. कोरींना मीठ फारसं मानवत नाही म्हणून हात आखडता ठेवला.

रविवार, २७ जुलै

नवा टँक स्टँडवर ठेवून भरला, खाली १२ मिमी थर्माकोलचा एकच अखंड तुकडा, सगळीकडे वर्तमानपत्र. चार तास कोरडं. रात्री मागच्या कोपऱ्यात कागदावर रुपयाएवढा डाग. बोट फिरवलं तर एक थेंब.

चोवीस तास थांबल्याशिवाय मासे टाकायचे नाहीत हे ठरवलं होतं, त्याचा उपयोग झाला. दोन-तीन तासांत कोरडा दिसला म्हणून आत मासे सोडले असते तर पुन्हा ड्रम.

सोमवार, २८ जुलै

दुकानदाराला बोलावलं. त्याने ट्यूब काढून गळतीच्या जागी वरून नवा थर द्यायची तयारी केली. थांबवलं. वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही, वरून दिलेला थर महिना-दोन महिने टिकतो आणि मग पडद्यासारखा सुटतो. थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, "आम्ही असंच करतो, काही होत नाही." माझं म्हणणं, मागच्या काचेचा आणि तळाचा आतला सांधा पूर्ण खरवडून, थिनरने पुसून, एका दमात नवा भरा. अखेर टँक परत घेऊन गेला. पैसे नाही मागितले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण आणखी एक आठवडा गेला.

घरी करणाऱ्यांसाठी: बाथरूमच्या फटी भरायचं बुरशीरोधक सिलिकॉन आणू नका, त्यातलं औषध माशांना मारतं. ट्यूबवर तसं काही लिहिलेलं नसेल, आणि साधं काचेचं सिलिकॉन असेल तरच.

आईने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. २७ ऑगस्टला गणपती, आणि दरवर्षी बाप्पा बसतो तो नेमका याच कोपऱ्याच्या शेजारी. त्याआधी ओटा आणि हॉल दोन्ही मोकळे हवेत.

शनिवार, २ ऑगस्ट

ओट्यावर अमोनिया शून्य, नायट्राइट ०.२५, नायट्रेट २०. वीस दिवसांनी एकदाचं. जिथे बरीचशी रिंगा-खडी जिवंत सोबत येते तिथे हेच काही दिवसांत होतं. एंजल पुन्हा काचेवर येऊन खाणं मागायला लागले. दिवसातून एकदा, चिमूटभर.

बुधवार, ६ ऑगस्ट

टँक परत आला. वास नाही. भरला, कागद पसरला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पूर्ण दोन दिवस कागद कोरडा. पाणी उपसलं.

शनिवार, ९ ऑगस्ट

ताई राखीला आली होती, तिला हाताशी घेतलं. तिने ओवाळणीत आधीच्या पाहुणचाराचे पैसे वळते करून घेतले.

या वेळी क्रम नीट लावला. आधी नव्या टँकमध्ये हायपो घातलेलं नवं पाणी निम्म्यापर्यंत, तापमान दोन्हीकडे २७. मग खडी, स्पंज आणि रिंगा (त्या मधल्या काळात ओट्यावरच्या टँकमध्येच पिशवीत ठेवल्या होत्या, म्हणजे पुन्हा वसलेल्या) एका बादलीतून थेट, ओल्याच, कॅनिस्टरमध्ये. नळाखाली काहीही धरलं नाही. कॅनिस्टर बंद राहिला तो फक्त नळ्या जोडेपर्यंत. मासे सगळ्यात शेवटी, ओट्यावरच्या पाण्यासकट.

वायरी सगळ्या खाली झोळ घेऊन वर बोर्डात जातात असं केलं, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, सॉकेटपर्यंत जात नाही. बोर्ड भिंतीवर, कमरेच्या उंचीला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

अमोनिया रोज शून्य. नायट्राइट काल ०.२५, आज शून्य.

खर्च: दोन टँक ७,४००, स्टँड आणि प्लाय ३,४००, वेल्डरची दुरुस्ती २००, टेम्पो ९००, यूएसबी पंप ३५०, बाटलीतले जिवाणू ४२०, व्हॉल्व्ह-थर्माकोल-हायपो-मीठ मिळून ३५० च्या आसपास. १३,००० ला थोडे जास्तच. कपाटाचे भंगारात ३०० आले. यातले वाया गेलेले म्हणजे जिवाणूंचे पैसे आणि टेम्पोचे अर्धे. तीन फुटी जिथे ऑर्डर केला त्याच दुकानात, मागच्या खोलीत, दोन फुटी टँक पडून होता हे नंतर कळलं. मी फक्त तीन फुटीच विचारला होता.

रविवार, २४ ऑगस्ट

नायट्रेट २०, पी.एच. ७.० वर टिकून, शिंपल्यांची पिशवी कॅनिस्टरमध्ये कायम ठेवली. दोन फुटी टँक धुऊन, वाळवून माळ्यावर. जुना स्पंज फिल्टर मोठ्या टँकमध्येच चालू ठेवलाय, शेजारी मित्राचा अर्धा तुकडा. ओटा आईच्या ताब्यात, तिने तो दोनदा धुतला.

सकरला आणायला कल्याणला गेलो होतो. मित्र म्हणाला, त्याच्या काचा इतक्या स्वच्छ कधी नव्हत्या, राहू दे की. माझ्या काचांवर शेवाळ दिसायला लागलंय. गणपती झाल्यावर बोलू असं ठरलं.